हरताळाच्या दिवशीची मशेरी

मशेरी मला लागली ती दाढेमुळे. नऊ वर्षांची असेन. लालबागच्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही सहाजण राहायचो आणि त्यातली एक माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर तीनच वर्षांत तिचा नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच होती. गिरणीत जिथे सूत बॉबिनींवर गुंडाळतात त्या खात्यात ती कामाला होती. रविवारी सकाळी ती तव्यावर तंबाखू भाजायची. तंबाखू काळी पडून धूर सुटला की मजल्यावरची माणसं खोकत गॅलरीत यायची आणि आत्या पदर नाकाला लावून शांतपणे उलथणं हलवत बसायची. मग ती कुटायची, फडक्याने चाळायची आणि पत्र्याच्या डबीत भरायची. ही तिची आठवडाभराची मशेरी.

माझी दाढ ठणकत होती आणि मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आत्याने डबीतली चिमूट बोटावर घेऊन माझ्या दाढेवर दाबली. तोंड भाजल्यासारखं झालं, मग बधिर झालं, डोकं गरगरलं आणि मी झोपून गेले. दुसऱ्या दिवशी दाढ दुखत नव्हती. तरी मी दुखतेय म्हणून सांगितलं.

त्यानंतर कोणी मला मशेरी लाव म्हणालं नाही आणि कोणी लावू नकोस असंही म्हणालं नाही. सकाळी नळावर निम्म्या बायका तोंडात बोट घालून उभ्या असायच्या, कोणी काही विचारलं तर नुसतं हूं-हूं करायच्या. त्यांच्यात मीही उभी राहायला लागले. चौदाव्या वर्षापर्यंत सकाळी एकदा आणि शाळेतून आल्यावर एकदा. मॅट्रिकच्या वर्षी चार वेळा. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ व्हायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, पुस्तकातली ओळ डोक्यात शिरायची नाही. बाबा विडी ओढत नसत आणि माझ्या भावाने ओढली तेव्हा त्यांनी त्याला बडवलं होतं. शहरात दारूबंदी होती, मागच्या गल्लीत भट्टीवर धाड पडली की सगळी चाळ बघायला जायची. पण मशेरीला नशा म्हणायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. ती दात घासायची पूड होती.

मॅट्रिक झाल्यावर बाबांनी मला परळच्या एका इस्पितळात नर्सिंग शिकायला घातलं. राहायचं तिथल्याच वसतिगृहात. घर चालत वीस मिनिटांवर, पण पास असल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही असा नियम. जाताना आत्याने माझ्या ट्रंकेत दोन लुगड्यांच्या मधे एक नवी डबी ठेवली. मी तिला सांगितलंही नव्हतं.

आमच्या मेट्रन गिरगावातल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतल्या होत्या. उंच, सडपातळ, पन्नाशीच्या. मराठी बोलायच्या, पण त्यांची स्वतःची. दर सोमवारी त्या शिकाऊ मुलींना रांगेत उभं करून नखं, केस आणि दात बघायच्या. दुसऱ्याच सोमवारी त्या माझ्यापुढे थांबल्या.

"उघड," त्या म्हणाल्या. मी तोंड उघडलं.

"कोळसा खाते काय तू?"

"मशेरी आहे, मॅडम."

"म्हणजे तंबाखू."

"तंबाखू नाही, मशेरी."

रांगेतल्या मुली हसल्या. मी चेष्टा करत नव्हते. माझ्या समजुतीप्रमाणे तंबाखू म्हणजे पुरुष चुना लावून तोंडात धरतात ती.

"हे तोंड घेऊन तू पेशंटजवळ जाणार नाही," मेट्रन म्हणाल्या. "आजपासून बंद. पुन्हा दिसली तर ट्रंक बांधायची आणि घरी. डबी माझ्या टेबलावर आणून ठेव."

मी डबी नेऊन ठेवली. मला त्यात विशेष काही वाटलंही नाही. दंतमंजन मिळतंच, दात त्याने घासायचे, संपलं. मशेरी सोडली म्हणून घरी आत्याला निरोपही धाडला. आज मला सगळ्यात जास्त चीड येते ती माझ्या त्या बेफिकिरीची.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत डोकं दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हे, कोणीतरी ओला टॉवेल कपाळाला बांधून पिळत असल्यासारखं. मी ऊन लागलं असेल म्हणाले. पोट साफ झालं नव्हतं, तर म्हटलं खानावळीची डाळ. संध्याकाळी जेवताना माझ्या शेजारची मुलगी भाताला मचमच आवाज करत होती. तो आवाज असा कानात शिरला की ताट तिच्या अंगावर ओतावं असं वाटलं. मी जेवण सोडून उठले. खोलीत येऊन रडत बसले आणि का रडतेय ते मला सांगता येईना. घरची आठवण येत असेल, असं मीच मला सांगितलं. सगळ्याला कारण सापडत होतं, खरं एक सोडून.

माझ्या खोलीत आणखी एकच मुलगी होती. ती डिलाइल रोडच्या चाळींतली. तिच्या घरच्यांनी आदल्याच वर्षी धम्मदीक्षा घेतली होती. तिचे वडीलही गिरणीतच. ती हुशार होती, नीटनेटकी होती आणि तिला वाया घालवायला वेळ नव्हता. तिच्या घराण्यात नोकरीसाठी असं शिकणारी ती पहिली. रोज सकाळी ती खिडकीत बसून हाडांची नावं मोठ्याने पाठ करायची. माझं काय चाललंय ते माझ्याआधी तिच्या लक्षात आलं.

"तुला तलफ आलीय," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली.

"मशेरीची कसली तलफ?"

"माझ्या मावशीने सोडली ना, तेव्हा ती अशीच करत होती. आमच्याकडे पंचशील घेतल्यावर बाबा म्हणाले, पाचव्या शीलात सगळ्या नशा आल्या, तंबाखूसुद्धा. मावशी म्हणाली, दारू येते, मशेरी येत नाही. पंधरा दिवस दोघं भांडत होती. शेवटी तिने सोडली, पण त्या महिन्यात आम्ही तिच्याशी बोलायला घाबरायचो."

"माझं तसं काही नाही," मी म्हणाले आणि पाण्याचा तांब्या असा आपटला की त्याला पोचा पडला.

त्या दिवशी मला पुरुषांच्या वॉर्डात पाठवलं होतं. थर्मामीटर झटकून पारा खाली आणायचा, एवढं काम. माझा हात थरथरत होता. झटकताना थर्मामीटर खाटेच्या लोखंडावर लागला आणि फुटला. वॉर्डातल्या सिस्टरनी सगळ्यांसमोर मला झापलं. मी खाली बसून पाऱ्याचे थेंब कागदावर गोळा करत होते आणि डोळ्यांतलं पाणी त्यातच पडत होतं. खाटेवर पाय प्लास्टरमध्ये असलेला एक गिरणीवाला होता. त्याची तंबाखूची पिशवी आल्या दिवशीच काढून घेतली होती. तो वाकून माझ्याकडे बघत म्हणाला, "बाई, तुम्हीपण सोडलीत काय?"

"काय सोडली?"

"ते मला काय माहीत. पण तुमचा हात माझ्या हातासारखा हलतोय."

त्याने दोन्ही हात पुढे धरून दाखवले. मला त्याचा असा राग आला की पारा तसाच टाकून मी बाहेर गेले. खरं बोलणाऱ्या माणसाचा त्या दिवसांत मला फार राग यायचा.

आणि सल्ले. सल्ल्यांनी मला जीव नकोसा केला होता. कोणी म्हणे लवंग चघळ, कोणी वेलदोडा, कोणी मिठाने दात घास. स्वयंपाकघरातल्या बाई म्हणाल्या, मन घट्ट करायचं, त्यात काय एवढं. त्या बाई स्वतः दुपारी पान खायच्या. मन घट्ट करून डोकेदुखी थांबत नाही आणि पोट साफ होत नाही, हे त्यांना कोणी सांगायचं? शिवाय बोलणारी माणसं मला पाहून एकदम गप्प होतात आणि मी गेल्यावर बोलतात, असं मला वाटायला लागलं. झोपही तुटक लागत होती. स्वप्नातही मी काहीतरी शोधत असायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ट्रंक उपसायला घेतली. कपड्यांच्या घड्यांत, कागदाखाली, कोपऱ्यात कुठे सांडलेली असेल तर. माझी मैत्रीण, म्हणजे तोवर ती मैत्रीण झालेली नव्हती, पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "तिसऱ्यांदा उपसतेस. नाहीये त्यात."

"तू तुझं बघ."

"मी माझंच बघत होते. सोमवारी परीक्षा आहे. तुझ्या खडखडाटात एक पान होत नाही."

"मेट्रनला तूच सांगितलंस."

"मेट्रनना डोळे आहेत. तुझे दात मी नाही काळे केले."

तेव्हा मी म्हणाले, "तुमच्यात असंच."

एवढंच म्हणाले आणि थांबले. तिने पुस्तक मिटलं.

"आमच्यात काय?"

मी ट्रंकेचं झाकण लावलं.

"वाक्य पुरं कर."

मी ते केलं नाही. पण न करताही ते पुरं झालं होतं, ते आम्हा दोघींनाही कळलं होतं. ती उठली, खिडकीजवळची तिची खुर्ची तिने उचलली आणि दारात थांबून म्हणाली, "तलफेने माणूस चिडतो, ते मी तीन दिवस बघतेय आणि ऐकून घेतेय. पण हे तलफेतून आलेलं नाही. हे तुझ्या तोंडात आधीपासून होतं." मग ती अभ्यासाला खालच्या दालनात निघून गेली.

मला लाज वाटली का? वाटली असेल, पण तेव्हा मला ती ओळखू आली नाही. मला फक्त एवढं कळलं की आता या खोलीत मी दुसऱ्या कोणाबरोबर राहू शकत नाही, आणि मशेरीची एक चिमूट मिळाली तर हे सगळं ठीक होईल. ती काय म्हणाली ते विचारात घ्यायला डोक्यात जागाच नव्हती. सगळी जागा एका डबीने अडवली होती.

चौथ्या दिवशी परळ-लालबागला हरताळ होता. तेव्हा हे नवं नव्हतं. आज सभा, उद्या मोर्चा, परवा कडकडीत बंद. मुंबईसह महाराष्ट्र मिळणार की नाही याशिवाय चाळीत दुसरा विषय नव्हता. बाबा सभेहून घसा बसवून यायचे. मलाही ते हवंच होतं, पण त्या दिवशी मला महाराष्ट्राशी काही देणंघेणं नव्हतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. दुपारी माझी ड्युटी संपली. पुढच्या फाटकावर चौकीदार होता. मी डोक्यावरची टोपी काढून कमरेला खोचली आणि मागच्या, धोब्यांच्या गाड्या येतात त्या फाटकातून बाहेर पडले. अंगावर शिकाऊ मुलींची निळ्या काठाची पांढरी साडी तशीच होती. ती बदलायलासुद्धा मी थांबले नाही.

रस्त्यावर शुकशुकाट. ट्रामचे रूळ मोकळे. नाक्यावरच्या पानवाल्याच्या दुकानाला फळ्या लावलेल्या. मी बाजूच्या बोळातून त्याचं मागचं दार ठोठावलं. तो बनियनवर बाहेर आला.

"तंबाखू हवीय, मशेरीची. पुडीभर."

"आज नाही बाई."

"दुकान उघडू नका, आतून द्या."

"आज आतून पण नाही. विकली तर उद्या तोंड दाखवायची चोरी." मग माझ्या साडीकडे बघून त्याने विचारलं, "पेशंटसाठी पाहिजे काय?"

मी हो म्हणाले. तो म्हणाला, "पेशंटला सांगा, महाराष्ट्रासाठी एक दिवस काढ." आणि दार लावलं.

आणखी दोन ठिकाणी तेच. तिसरा तर माझ्यावरच घसरला, म्हणाला, शिकलेल्या बायकांनीच असं केलं तर बाकीच्यांनी कोणाकडे बघायचं. अख्ख्या शहराने मिळून मला मशेरी द्यायची नाही असं ठरवलंय, असं मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. मी लालबागची वाट धरली. डोक्यावर ऊन, पोटात चार दिवसांचं ओझं आणि तोंडाला अशी कोरड की जीभ टाळूला चिकटत होती. घराला कुलूप. शेजारच्या काकू गॅलरीत तांदूळ निवडत होत्या.

"अगं तू कशी आलीस? आज तर सगळे मोर्च्याला गेलेत. तुझी आत्या गिरणीतल्या बायकांबरोबर पुढे गेली."

"तिची डबी घरात असेल का हो?"

"डबी?" काकू हसल्या. "डबी तिच्या कमरेला. तिला सोडून ती कुठे राहते?"

मी त्यांच्याकडे मागायला हवी होती. त्यासुद्धा लावायच्या. पण मला राहवत नाही हे काकूंना कळलं की बाबांना कळणार. म्हणून मी आत्याला शोधायला मोर्च्याकडे गेले.

बायकांचा तो मोर्चा मी आधी ऐकला आणि मग पाहिला. बोळातून बाहेर आले तर समोर कासोट्याच्या लुगड्यांचा पूर. गिरणीतल्या, भाजीच्या, चाळीचाळींतल्या बायका. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात फलक. मी कडेकडेने चेहरे बघत पुढे सरकायला लागले. तेवढ्यात कोणीतरी माझी साडी पाहिली. "इस्पितळातल्या नर्सबाई आल्यात, वाट द्या त्यांना." झालं. बायकांनी मला वाट दिली, नुसती दिली नाही, पुढे ढकललं. एका स्वयंसेवकाने माझ्या हातात झेंडा दिला. आता मी पहिल्या रांगेत. ओरडले नाही तर बरं दिसेना, म्हणून मीही "झालाच पाहिजे" म्हणून ओरडत होते आणि मान वळवून वळवून मागच्या बायकांच्या कमरा बघत होते. ज्याने मला पाहिलं असेल त्याला वाटलं असेल, पोरगी केवढी तळमळीची.

आत्यानेच मला पाहिलं. ती रांग तोडून धावत आली आणि तिने मला मिठी मारली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"गो बाय माझ्या, तू इलंस? माका वाटला तुका सोडूचे नाय."

"आत्या, डबी दे."

"काय?"

"डबी. मशेरीची. आत्ता दे."

तिचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो. जत्रेत हरवलेली चार वर्षांची मुलगी सापडावी तसा आनंद होता त्यावर, तो एका शब्दाने गेला. "सोडलंस म्हणान निरोप धाडलेलंस ना गो?" ती म्हणाली. मी हात पुढे करून उभी. मागून बायकांचा लोंढा येत होता, आम्हाला धक्के बसत होते. तिने कमरेची डबी काढून माझ्या हातात दिली. "थोडीच घे," एवढंच म्हणाली.

मी थोडी घेतली नाही. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले, झेंडा मांडीवर ठेवला आणि दोन बोटं भरून सगळ्या दातांना लावली, दोनदा. पहिल्या मिनिटात खरंच सगळं ठीक झालं. डोक्याचा पिळा सुटला, आवाज मऊ झाले. मला वाटलं, आता जाऊन मैत्रिणीची माफी मागते. दुसऱ्या मिनिटात अंगाला दरदरून घाम सुटला. चार दिवस उपाशी पोरीला चौपट मशेरी. समोरची इमारत डावीकडे कलली, मी उठायला गेले आणि पायरीवरून खाली आले.

मी बेशुद्ध नव्हते, हे महत्त्वाचं. मला सगळं ऐकू येत होतं. "नर्सबाई पडल्या." "उन्हाने." "घोषणा देऊन देऊन." "उपास केला असेल हो." मला काही झालेलं नाही असं मला सांगायचं होतं, पण तोंडात मशेरीची लाळ साचलेली, ती गिळता येईना आणि एवढ्या लोकांत थुंकता येईना. मी नुसती हूं-हूं करत होते. हरताळामुळे गाडी नाही. चार जणांनी एक हातगाडी आणली, मला तिच्यावर घातलं, कोणीतरी झेंडा माझ्या अंगावर पांघरला आणि गाडी निघाली. कुठे, तर सगळ्यात जवळच्या इस्पितळात. मी त्यांना हाताने नाही नाही म्हणत होते. आत्या शेजारून धावत होती आणि दर दहा पावलांवर म्हणत होती, "मीच लावलंय तिका, मीच लावलंय." लोकांना वाटत होतं, ती चळवळीबद्दल बोलतेय.

मेट्रन दारातच होत्या. हरताळाचे दिवस म्हणून त्या स्वतः तिथे उभ्या राहायच्या. एक स्वयंसेवक त्यांना म्हणाला, "तुमच्या सिस्टर आज मोर्च्यात सगळ्यांच्या पुढे होत्या. आम्हाला अभिमान वाटला."

मेट्रन वाकल्या. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उघडलं. आत बघितलं. मग सरळ होऊन त्या शांतपणे म्हणाल्या, "थँक्यू. आता आम्ही बघतो. आत पाणी ठेवलंय, पिऊन जा." ते सगळे गेल्यावर त्यांनी बादली माझ्यापुढे सरकवली आणि मी त्यात सगळं ओकले.

आता ट्रंक, असं मी धरूनच चालले होते. आत्या हात जोडून उभी होती. "मीच लावलंय तिका, न्हानपणी," ती म्हणाली. "तिका घालवू नकात."

मेट्रननी मला विचारलं, "सोमवारनंतर किती वेळा लावली?"

"आजच. पहिल्यांदाच."

"चार दिवस पूर्ण बंद होती?"

"हो."

त्यांनी बादली पायाने बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "माझा भाऊ बोटीवर होता. सिगरेट सोडली तेव्हा माझ्या आईचे सगळे कप फोडले त्याने. आम्हाला वाटलं, डोकं फिरलं." त्यांनी टेबलावरचं रजिस्टर ओढलं. "वॉर्ड बंद. उद्यापासून तू स्टोअरमध्ये. तिथे सगळी भांडी एनामलची आहेत, आपट हवी तेवढी. महिनाभर बाहेरचा पास नाही. आणि उद्या पहिला दिवस."

"पहिला नाही, पाचवा," मी म्हणाले.

"पहिला," त्या म्हणाल्या. एवढ्या दिवसांत कोणाचाही आला नसेल एवढा राग मला त्यांचा त्या क्षणी आला.

आत्याला जाताना त्या म्हणाल्या, "तुम्ही पण सोडा, बाई." आत्या म्हणाली, "माका आता कित्याक?" आणि मोर्चा अजून सापडेल का ते बघायला ती निघून गेली.

खोलीत मैत्रीण होती. तिने माझ्याकडे पाहिलं, तोंड धुवायला पाणी आणून ठेवलं आणि पुन्हा पुस्तकात बघायला लागली. मी म्हणाले, "काल मी जे बोलले, त्याबद्दल मला..."

"आत्ता नको," ती म्हणाली. "तुझी ती मशेरी सुटल्यावर बोल. आत्ता तू बोलतेस की ती बोलतेय, मला कळत नाही."

दुसऱ्यांदा सोडणं सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. पुन्हा तेच डोकं, तेच हात, तेच रडू. फरक एवढाच की या वेळी मी त्याला ऊन किंवा डाळ म्हटलं नाही. स्टोअरमध्ये मी दिवसभर बँडेजच्या गुंडाळ्या करायचे. एक गुंडाळी तिरपी झाली की फेकून द्यायचे, मग उठून आणायचे. औषधांच्या खिडकीवरून इसबगोल मिळालं, ते रोज पाण्यातून घेऊनही सातव्या दिवसापर्यंत पोटाने दाद दिली नाही. त्यानंतर भूक लागायला लागली, तीही अशी की चपात्या वाढणाऱ्या बाई माझ्या ताटाकडे बघून आत हाक द्यायच्या, आणखी टाका. ब्लाउज उसवून सैल करावे लागले. कधी अर्धा दिवस मला मशेरी आठवायचीही नाही. मग कोणाच्या तरी पदराला भाजलेल्या तंबाखूचा वास यायचा आणि सगळं पुन्हा सुरू. दोनदा मी धोब्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. का परत आले त्याचं थोर कारण नाही. एकदा चौकीदार होता आणि एकदा पाय दुखत होते.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी पाठीच्या मणक्यांचं प्रकरण वाचायला घेतलं आणि मान वर केली तेव्हा ते संपलं होतं. मधे मी एकदाही उठले नव्हते. मला त्याचा आनंद व्हायच्या ऐवजी आधी चीड आली. एवढ्या साध्या गोष्टीसाठी एवढे दिवस?

कपडे वाळत घालायच्या गच्चीवर मैत्रीण पिळे झटकत होती. मी तिच्याजवळ गेले.

"आता मीच बोलतेय," मी म्हणाले. "त्या दिवशी मी जे म्हणणार होते ते मी घरात ऐकत आले. तू म्हणालीस तसं ते आधीपासूनच होतं. ते मशेरीवर ढकलता येणार नाही. माझं चुकलं."

ती साडीचं एक टोक माझ्या हातात देत म्हणाली, "धर." आम्ही दोघींनी साडी ताणून दोरीवर टाकली. मग म्हणाली, "मशेरी तीन आठवड्यांत गेली. हे एवढ्यात जाणार नाही, तुला सांगून ठेवते."

"किती दिवस लागतील?"

"मला काय विचारतेस? माझं आहे का ते?"

तिने मला माफ केलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. पण त्यानंतर हाडांची नावं म्हणताना ती मधेच थांबून मला विचारायची आणि चुकलं तर पुस्तक डोक्यात घालायची. आम्ही दोघी पास झालो. पुढे तीस वर्षं वेगवेगळ्या इस्पितळांत नोकरी केली आणि सुट्टी जमेल तेव्हा भेटत राहिलो. माझ्या तोंडून जुनं काही निसटलं तर ती अजूनही म्हणते, वाक्य पुरं कर.

आणि आत्या. राज्य झालं, बाबांनी चाळीत पेढे वाटले, त्या वर्षी मी पूर्ण नर्स होऊन घरी आले आणि पहिल्यांदा आत्याचं तोंड उजेडात धरून बघितलं. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, रुपयाएवढा. मी तिला ओढत इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून वाईट झालेलं नाही, पण मशेरी आजपासून बंद. तिने आठ दिवस सोडली. नवव्या दिवशी मी ड्युटीवरून आले तर ती मोरीत पाठमोरी उभी. मी ओरडले. तिला सगळं सांगितलं, डोकं कसं दुखेल, किती दिवस, भूक कधी लागेल, पुढे कसं सुटत जाईल. तिने सगळं ऐकून घेतलं, चूळ भरली आणि म्हणाली, "तुझा सुटला, माझा नाय सुटणा. मी काय करू?"

दर सहा महिन्यांनी मी तिला तपासायला न्यायचे, ती मुकाट यायची, चट्टा तेवढाच असायचा, आणि घरी आल्या आल्या ती डबी घेऊन मोरीत जायची.